न घेतलेला घोट

ओडनीच्या हातातून कॉफीची किटली काढून घेतली ती बोर्गहिल्डने, आणि तीही इतक्या गोडीगुलाबीने, की त्यात काही वावगं आहे हे ओडनीच्या लक्षातच आलं नाही. "बस ग तू जरा, दमली असशील," असं म्हणून बोर्गहिल्डने किटली उचलली आणि प्रार्थनाघरातल्या लांब टेबलावरचे कप स्वतः भरत गेली. बुधवारची बायकांची सभा होती. मादागास्करच्या मिशनसाठी मोजे विणायचे, वाफल खायचे, एखादं भजन म्हणायचं आणि पाच वाजता घरी जायचं, एवढीच ती सभा. त्यात कॉफी ओतायचं काम बावीस वर्षं ओडनीकडे होतं. वार्डहोल्म बेटावर असली कामं कुणी कुणाला नेमून देत नाही आणि कुणी काढूनही घेत नाही. ती ज्याची त्याची असतात, नाकासारखी.

घरी जाताना ओडनीने स्वतःची समजूत घातली, की हे हातांमुळे असणार. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे होते, त्यांवर खपल्या, कुठे कुठे ओलं. असल्या हातांची कॉफी कुणाच्या घशाखाली उतरेल? पुढच्या बुधवारी बाह्या पार मनगटापर्यंत ओढून ठेवायच्या, असं तिने ठरवलं. पण पुढच्या बुधवारीही किटली बोर्गहिल्डकडेच होती.

खाज सुरू झाली होती दोन हिवाळ्यांपूर्वी. आधी तळहात, मग तळपाय. ओडनीला वाटलं लोकर बोचते आहे. मग तिने साबण बदलून पाहिला. पण ही खाज कातडीवर नव्हतीच. ती कातडीच्या खाली कुठेतरी होती, जिथे नख पोचत नाही. अंथरुणात ऊब आली की ती जागी होई आणि ओडनी अनवाणी जाऊन दाराबाहेरच्या बर्फाळ पायरीवर उभी राही. दुखणं अंगावर काढायचं हा या बेटाचा जणू कायदाच. कसं काय चाललंय असं कुणी विचारलं तर बरं आहे म्हणायचं, मग भले तंगडी गळ्यात का अडकलेली असेना. नवरा असता तर त्याने तिला दंडाला धरून बोटीत घातलं असतं, पण तो जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटी ती काम करायची त्या दुकानात काउंटरवर उभ्या उभ्या तिला झोप लागली, तेव्हा ती आपण होऊन शहरातल्या इस्पितळात गेली.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर झाड काढून दाखवलं. यकृतात पित्ताच्या नळ्या असतात, त्या अशा फांद्या-डहाळ्यांसारख्या पसरतात. त्यांतल्या सगळ्यात बारीक डहाळ्यांवर तिच्याच रक्तातले पहारेकरी हल्ला करत आहेत. नळ्या बुजत चालल्या आहेत, पित्त मागे तुंबतंय, त्यानेच अंगभर खाज सुटतेय. ओडनीने विचारलं, की मी असं काय केलं. काहीच नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. का होतं ते अजून कुणालाच नीटसं ठाऊक नाही. काहींचा कयास असा, की फार पूर्वी कधीतरी एखादा जंतू शरीरात शिरला असेल आणि त्याचा चेहरा या नळ्यांच्या अस्तराशी थोडाफार मिळताजुळता असेल. पहारेकऱ्यांनी तो चेहरा पाठ करून ठेवला. जंतू गेला, चेहरा काही ते विसरले नाहीत. आता आपल्याच घरातलं माणूस तसं दिसलं, तरी ते त्याच्यावर तुटून पडतात.

"मग त्यांना कुणी समजावून सांगू शकत नाही?" ओडनीने विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि नाही म्हणाल्या. गोळ्यांनी त्यांना थोडं मंद करता येतं, एवढंच. रक्त तपासलं तेव्हा त्या पहाऱ्याची खूण त्यात स्पष्ट सापडली होती, त्यामुळे आजाराबद्दल शंकाच नव्हती. तो आणखी वाढेल, सावकाश वाढेल, एक दिवस डोळे पिवळे होतील आणि मग ओस्लोला जाऊन नवीन यकृताचं बघावं लागेल, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ओडनीने मान हलवली. परतीच्या बोटीत तिने ते झाडाचं चित्र घडी करून भजनाच्या पुस्तकात ठेवलं आणि मुलाला, शेटिलला, फक्त एवढंच सांगितलं की पित्ताचं काहीतरी आहे. उगाच कुणाच्या डोक्याला ताप कशाला द्यायचा?

खाजेवर एक पूड होती. ती रसात कालवून प्यायची, म्हणजे वाळू प्यायल्यासारखंच. आणि वरून लावायला मेंथॉल घातलेलं स्पिरिट, तपकिरी बाटलीत. ते तळहातांना, दंडांना, मानेला चोळलं की दहा मिनिटं अंग गार पडायचं. दिवसातली ती दहा-दहा मिनिटं तेवढी ओडनीची स्वतःची होती. बाटली कोटाच्या खिशातच असायची. या आजारात तोंडही कोरडं पडतं, म्हणून ती सतत पेपरमिंटच्या गोळ्या चघळायची. डोळेही कोरडे पडून लाल व्हायचे. आणि थकवा तर असा, की शहरातून परतताना बोटीत बसली की डोळा लागायचा. धक्क्यावर खलाशी तिला हलवून उठवायचा आणि ती फळीवरून उतरताना झोकांड्या खायची.

आता ही सगळी यादी वाचून शहाण्या माणसाच्या मनात जे येईल, तेच बेटाच्या मनात आलं. वार्डहोल्मवर तीन पिढ्यांत दारूचं दुकान नाही, पंगतीत कधी पेला नाही, लग्नातसुद्धा रासबेरीचं सरबत. ज्यांनी जन्मात थेंब चाखला नाही, त्यांना दारूचा वास ओळखण्याची भारी खात्री असते. अंगाला स्पिरिटचा वास, तो झाकायला पेपरमिंट, लाल डोळे, खिशात बाटली, महिन्यातून एकदा मंगळवारच्या बोटीने शहर. आणि शहरात इस्पितळाची बस जिथे थांबते, त्याच कोपऱ्यावर सरकारी दारूचं दुकान. वर आजारपणाच्या रजेचा कागद. तो ती काम करायची त्या दुकानाच्या मॅनेजरने वाचला, त्यावर लिहिलं होतं की यकृत आकसलंय. आकसलेलं यकृत कुणाचं असतं हे पोराटोरांनाही माहीत. मॅनेजर बिचारा भला माणूस, त्याने फक्त बायकोला सांगितलं.

पण एवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. ओडनी इंगेबर्टची मुलगी नसती तर. तिचा बाप इंगेबर्ट मासेमारीला जायचा आणि पाठीचं दुखणं घेऊन यायचा. त्या दुखण्यावर औषधवाल्याकडून कापूर घातलेलं स्पिरिट आणायचा. दोन थेंब पाठीला, बाकीचं पोटात. प्रार्थनाघरात उभं राहून त्याने तीनदा पापाची कबुली दिली, तीनदा त्याचं तारण झालं, आणि चौथ्यांदा तो धक्का आणि बोट यांच्यामध्ये पडून बुडाला. ओडनी तेव्हा अकरा वर्षांची होती. म्हाताऱ्या माणसांच्या नाकात तो कापराचा वास अजून होता. इंगेबर्ट पन्नास वर्षांपूर्वी गेला, वासावरचा पहारा काही उठला नव्हता.

हे सगळं ओडनीला ठाऊक नव्हतं. बेटावरची माणसं तोंडावर बोलत नाहीत. ती प्रार्थना करतात.

तिचं सगळं आयुष्य गुरुवारभोवती फिरायचं. नात सुन्नीवा सात वर्षांची. तिची आई मारीत शाळेत शिकवायची, आणि गुरुवारी तिचे वर्ग चारपर्यंत चालायचे. सुन्नीवाची शाळा मात्र बाराला सुटायची. मग बारा ते साडेचार सुन्नीवा आजीची. दोघी मिळून बटाट्याची लेफसे, म्हणजे पातळ पोळ्या, लाटायच्या, ओहोटी असली तर शिंपले वेचायच्या, आणि पोरगी अखंड बडबडायची. ओडनीच्या घरात आठवड्यातून तेवढाच एक दिवस माणसाचा आवाज असे. बाकीचे दिवस रेडिओ बोलायचा आणि समुद्र. ती स्वतः बुधवारपर्यंत इतकी कमी बोलायची, की गुरुवारी पहिलं वाक्य घोगरं निघायचं.

जानेवारीत मारीतचा फोन आला, की सुन्नीवाला गुरुवारी आता जिम्नॅस्टिक असतं. बरं, ओडनी म्हणाली. पुढच्या गुरुवारी तिने लेफसे लाटली आणि एकटीनेच खाल्ली. त्याच्या पुढच्या गुरुवारी लाटली नाहीत. शाळेच्या व्यायामशाळेचं छप्पर गळतंय म्हणून ती ऑक्टोबरपासून बंद आहे, हे बेटावरच्या मांजरांनाही माहीत होतं. ओडनीलाही होतं. खिडकीत बसून ती शाळेच्या रस्त्याकडे बघत राहायची. लाल टोपी घातलेली सुन्नीवा बाराच्या सुमाराला तिच्या घरावरून पुढे बोर्गहिल्डकडे जायची आणि फाटकाशी आली की मान खाली घालायची. पोरीला तसं सांगितलेलं असणार. ते बघताना ओडनीला प्रथमच भीती वाटली. आजाराची वाटली नव्हती इतकी.

फेब्रुवारीत बोर्गहिल्ड आली, केक घेऊन. इकडची तिकडची चौकशी झाली, हवा, समुद्र, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मग बोर्गहिल्डने केकची सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "ओडनी, आम्ही सगळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करतो. तुला कुणी नावं ठेवत नाही. तू इंगेबर्टची पोर. रक्तातच असतं ते, तू तरी काय करणार?"

ओडनीला क्षणभर वाटलं ती आजाराबद्दलच बोलते आहे. मग बोर्गहिल्डने हळूच सांगितलं, की मुख्य भूमीवर एक घर आहे, तिथे दोन महिने राहिलं की सुटते, अगदी चांगली चांगली माणसं जातात. तेव्हा ओडनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. किटली, जिम्नॅस्टिक, फाटकाशी खाली घातलेली मान. तिचा चेहरा तापला. त्याच वेळी दंडांवर अशी खाज उठली, की तिने टेबलाखाली हात घालून करकरून खाजवलं.

"माझ्या रक्तात काय आहे ते डॉक्टरांनी काचेखाली धरून बघितलंय, बोर्गहिल्ड," ती म्हणाली. "दारू नाहीये त्यात."

बोर्गहिल्डने तिचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. हीच तर पंचाईत होती. बाई दुष्ट असती तर भांडता आलं असतं. ती अर्धा केक ठेवून गेली.

त्याच संध्याकाळी ओडनी मुलाकडे गेली. सुन्नीवा आजोळी मामाकडे गेली होती, बरं झालं. ओडनीने ते झाडाचं चित्र टेबलावर पसरलं आणि सगळं सांगितलं, पहारेकरी, डहाळ्या, चुकून ओळखलेला चेहरा. आयुष्यात ती इतकं सलग कधी बोलली नव्हती. शेटिल कॉफीच्या कपात बघत बसला होता. तो मधूनच हं म्हणायचा. आजोबांच्या गोष्टी ऐकतच तो मोठा झाला होता. इंगेबर्टलाही दर वेळी पाठीचं एक नवंच शास्त्र सापडायचं. ओडनीचं बोलणं संपलं तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे आई, आणि उठून चुलीत लाकूड सारायला लागला. मारीत मात्र समोरून हलली नाही.

"तू पितेस याचा मला राग नाही, ओडनी," ती म्हणाली. "माणूस घसरतं. पण तू खोटं बोलतेस. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे मी माझी मुलगी ठेवू शकत नाही. तू नुसतं एकदा कबूल कर, त्याच दिवशी सुन्नीवा तुझी."

ओडनीने चित्राची घडी घातली. मार्चच्या मंगळवारी तिने डॉक्टरीणबाईंकडे पत्र मागितलं. मनातून ती लाजेने मेली होती, पण मागितलं. त्यांनी आनंदाने लिहून दिलं, शिक्का मारून. शरीराची स्वसंरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटल्यामुळे होणारा पित्तनलिकांचा आजार आहे, रक्तात अमुक अमुक प्रतिपिंडं सापडली आहेत, मद्यपानाशी या आजाराचा संबंध नाही. आणि खाली, सगळ्या कागदांवर असते तशी एक ओळ: रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार मद्यपान करत नाही.

मारीतने पत्र दोनदा वाचलं. प्रतिपिंडं म्हणजे काय ते तिला कळलं नाही, बेटावर कुणालाच कळलं नसतं. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ते तिथेच ठेवून ती ओडनीकडे बघत राहिली. स्वतःच्या सांगण्यानुसार! ओडनीला वाटलं, डॉक्टरीणबाईंनी ती एक ओळ खाल्ली असती तर त्यांचं काय बिघडलं असतं? पण प्रामाणिक माणसं अशीच असतात, नेमकी नको तिथे.

ईस्टरनंतर मुख्य भूमीवरून प्रवचनकार आला, आणि प्रार्थनाघरात साक्षीची सभा झाली. या सभेत ज्याला मनातलं बोलायचंय त्याने उभं राहायचं. कुणी कुणाला उठवत नाही. पण त्या दिवशी सगळं प्रार्थनाघर ओडनीकडे पाठ करून तिचीच वाट बघत होतं, हे तिला मागच्या बाकावरही समजत होतं. एका म्हाताऱ्याने उठून देवाचे आभार मानले. एका बाईने शेजारणीशी अबोला धरल्याची कबुली दिली, शेजारीण रडली. मग कुणीच उठेना. स्टोव्ह मधूनच धुमसत होता.

ओडनी उठली ती खरं सांगायला. देवाशपथ, तेच तिच्या मनात होतं. पत्र तिच्या हातात होतं, आणि तिने ठरवलं होतं की सगळ्यांसमोर वाचायचं, मग कुणी मानो न मानो. पण उभी राहिली आणि तिला तिसऱ्या बाकावर मारीतचं डोकं दिसलं, शेजारी शेटिलचं, आणि दोघांच्या मध्ये लाल टोपी. ती टोपी मागे वळली. सुन्नीवाने आजीकडे बघितलं, आणि आईने हळूच तिचं तोंड पुन्हा पुढे वळवलं. ते बघून ओडनीचं अवसान गळालं. पत्र वाचून ती फार तर खरी ठरली असती, आणि तेसुद्धा कुणाच्याही हिशेबी नाहीच. गुरुवार काही आला नसता.

"मी प्याले," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. "बरेच दिवस. चोरून. मला क्षमा करा."

कुणीतरी हुंदका दिला. प्रवचनकार पुढे आला, त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सगळं प्रार्थनाघर तिच्याभोवती जमा झालं. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. ज्या माणसांनी जन्मात कुणाला मिठी मारली नव्हती त्यांनीही अवघडून खांद्यावर थोपटलं. भजन सुरू झालं. शेटिल रडत होता. मुलाला रडताना ओडनीने त्याच्या बापाच्या दफनानंतर पहिल्यांदा बघितलं. कॉफीच्या वेळी बोर्गहिल्डने भरलेली किटली आणून तिच्या हातात दिली आणि सगळे बघत राहिले. ओडनीने कप भरले. इतकं प्रेम तिच्या वाट्याला लग्नातही आलं नव्हतं. पण ते सगळं दुसऱ्याच कुणा बाईला मिळत होतं, आणि तिच्यातर्फे ते घ्यायला ओडनी उभी होती, असंच तिला वाटत राहिलं. तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. ती रडली, आणि त्याचाही अर्थ त्यांनी आपापल्या परीने लावला.

दुसऱ्या दिवशी बोर्गहिल्ड आणि आणखी दोघी आल्या. ओडनीने कुणी न मागताच तपकिरी बाटली काढून दिली. बोर्गहिल्डने ती नाक मुरडून मोरीत ओतली आणि वर बराच वेळ पाणी सोडलं. मेंथॉलच्या वासाने स्वयंपाकघर भरून गेलं. "बघ, नुसत्या वासानेच गरगरतं," त्यांतली एक म्हणाली. ओडनीला हसू आलं, आणि त्या हसण्यात सामील व्हायला कुणी नाही हे लगेच कळलंही.

त्यानंतर खाजेला उतार नव्हता. नवी बाटली आणायची सोय नव्हती, कारण आता वासाची सगळ्यांनाच काळजी. ओडनी थंड पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की स्पिरिट का बंद केलंत. मला चालत नाही ते, ती म्हणाली. आता तिथेही खोटं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला प्रार्थना करता येईना. लहानपणापासून ती रोज झोपण्याआधी देवाशी चार शब्द बोलायची. बाप बुडाला तेव्हासुद्धा तिचं ते बोलणं चुकलं नव्हतं. आता हात जोडले की पहिलंच वाक्य अडायचं. खरं काय ते फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि त्याच्याच घरात उभं राहून ती खोटं बोलली होती. त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं?

पण गुरुवार परत आले. सव्वाबाराला फाटक वाजायचं, लाल टोपी आत यायची, बडबड सुरू व्हायची. शाळेत कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या कुत्रीला पिल्लं झाली. ओडनी लेफसे लाटायची आणि ऐकायची. एवढ्यासाठीच केलं होतं सगळं, आणि ते तिला मिळालं होतं. त्याबद्दल तिला पस्तावा नव्हता.

सहा गुरुवार असे गेले. मेच्या शेवटी एका रविवारी ओडनीने आरशात पाहिलं आणि पुन्हा जवळ जाऊन पाहिलं. डोळ्यांच्या पांढऱ्यावर पिवळी झाक होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच. ती चर्चला गेली नाही. बुधवारी डोकं दुखतंय असा निरोप पाठवला. गुरुवारी तिने स्वयंपाकघराचा पडदा अर्धा ओढून घेतला आणि दिव्याकडे पाठ करून बसली.

सुन्नीवाने ब्राउन चीज लावलेला पाव खाल्ला, दूध प्यायली, हात पुसले. मग खुर्चीवरून उतरून म्हणाली, "आजी, खिडकीशी ये ना. उजेडात."

कशाला, असं ओडनीने विचारलं. पोरीने सरळ सांगितलं. आईने सांगितलंय की पिणाऱ्याचे डोळे पिवळे होतात, म्हणून दर गुरुवारी आजीचे डोळे बघायचे. पांढरे असले तर काही नाही. पिवळे असले तर लगेच शाळेत फोन करायचा. नंबर तिने दप्तराच्या आतल्या बाजूला लिहून दिलाय. सहाही गुरुवार ती आजीच्या नकळत बघत आली होती, आज नीट दिसत नव्हतं म्हणून विचारलं.

ओडनी उठली. दुसरं काही करता आलं असतं का हे तिला सुचलं नाही. तिने पडदा सरकवला आणि स्टुलावर बसली. सुन्नीवाने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, वर बघ म्हणाली, खाली बघ म्हणाली, डॉक्टरांसारखं. तिच्या श्वासाला दुधाचा वास होता.

"पिवळे आहेत," ती म्हणाली.

फोन भिंतीवर होता, दोन पावलांवर. ओडनीने पोरीचे दोन्ही हात धरले. इतके दिवस जे कुणालाच सांगता आलं नव्हतं, ते तिने आता सांगितलं. "सुन्नीवा, नीट ऐक. मी कधीच प्याले नाही. एक थेंबसुद्धा नाही. त्या दिवशी प्रार्थनाघरात मी खोटं बोलले, तू परत यावीस म्हणून. हे पिवळं आजाराचं आहे. माझं शरीर मलाच ओळखत नाही, तसला आजार."

सुन्नीवाने सगळं ऐकून घेतलं. मान तिरकी करून, मध्ये न बोलता. आपल्याहून लहान मूल काही सांगत असलं की ती असंच ऐकायची. मग तिने हात सोडवून घेतले. ती फोनकडे गेली नाही. तिने पडदा पुन्हा ओढून घेतला, पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत येऊन आजीच्या गळ्यात हात टाकले.

"मी नाही सांगणार आईला," ती कानाशी म्हणाली. "तू पितेस ना, ते मी कुणालाच नाही सांगणार."

"गुणाची ग माझी बाय," ओडनी म्हणाली.